डब्यासोबत माणूस

मी चंद्रपुरात खोली करून कॉलेजात शिकत होते तेव्हा माझं जेवण रोज एसटीनं यायचं. सिंदेवाहीजवळच्या आमच्या फाट्यावर आई सकाळच्या गाडीला हात दाखवायची आणि कापडात बांधलेला डबा ड्रायव्हरच्या हाती द्यायची. जुन्या गाड्यांचं इंजिन आतच, ड्रायव्हरच्या शेजारी. त्याच्या झाकणावर आमच्या भागातल्या पोरापोरींचे डबे दाटीवाटीनं बसत, त्यामुळे लाखोळीची डाळ चंद्रपूरपर्यंत गरम राहायची. स्टँडवर ज्यानं त्यानं आपला डबा उचलायचा. ओळख कोणी विचारत नसे. संध्याकाळी रिकामा डबा त्याच वाटेनं परत.

मग मुंबईवर हल्ला झाला. घरमालकांच्या टीव्हीवर ते जळणारं हॉटेल आम्ही रात्री उशिरापर्यंत बघत बसलो, पण मुंबई फार लांब आहे असंही वाटत होतं. दिल्लीत कायदे बदलले, तपासाची नवी यंत्रणा उभी राहिली, समुद्रावर पहारे वाढले. आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलासुद्धा नव्हता. गडचिरोलीच्या जंगलाची भीती आम्हाला जुनीच, भामरागडच्या गाडीत पिशव्या आधीपासून उघडून बघत. पण भाकरीच्या डब्याला आमच्या गाडीत कोणी भ्यालं नव्हतं.

आता स्टँडवर भोंग्यातून दिवसभर सांगू लागले की बेवारस वस्तूला हात लावू नका. आणि एका सकाळी कंडक्टरनं आईचा डबा परत केला.

"बाई, आता डब्यासोबत माणूस पायजे."

"काऊन भाऊ? डाळ-भाकर हाय त्यात. उघडून पाहा ना."

"मले मालूम हाय. पण साहेबाले कोण सांगंन?"

त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. माणसं मेली होती, काहीतरी करायलाच हवं होतं. तरी राग यायचा तो आलाच, फक्त तो कोणावर काढावा ते कळेना.

मी खानावळीत जेवीन म्हटलं. आईनं ते कानाआड केलं. धानाची कापणी ऐन भरात असताना ती रविवारी स्वतः गाडीत बसली, डबा मांडीवर घेऊन. तोवर ती एकटी वाटेतल्या मूल गावाच्या पुढे कधी गेली नव्हती.

"माणूस पायजे म्हणे, तं मी आली," असं म्हणून ती स्टँडवरच हसली. मग दर रविवारी येऊ लागली; बाकीचे दिवस मी खानावळीत जेवायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

अशाच एका रविवारी खोलीवर आल्यावर तिनं डबा उघडलाच नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. मी खोदून विचारलं तेव्हा बोलली. मूलच्या स्टँडवर एक बाई तिच्या खिडकीपाशी आली होती. त्या बाईची मुलगी चंद्रपुरात नर्सिंग शिकत होती. तुम्ही चाललाच आहात तर माझ्या पोरीचा डबा न्या, ती स्टँडवर उभी असते, असं ती म्हणाली.

"मंग?"

"मी नाई म्हणलं." आई माझ्याकडे बघत नव्हती. "टीव्हीवर सांगतेत, अनोळखी माणसाचं काई घेऊ नका. तोंडातून निघून गेलं. गाडी सुटली तरी ते डबा धरून उभीच होती."

ज्या डब्यावर मी दोन वर्षं जेवले तो अनोळखी हातांनीच यायचा, हे मी तिला सांगायची गरज नव्हती. तिला दोष द्यावासा वाटेना, आणि काही झालं नाही असंही म्हणवेना.

"आपण स्टँडवरून निघालो तवा एक पोरगी ड्रायव्हरच्या खिडकीतून आत पाहून राह्यली होती," आई म्हणाली. "तेच असंन. उपाशी राह्यली असंन."

आम्ही उठलो आणि माझा डबा घेऊन परत स्टँडवर गेलो. फलाटावर ती मुलगी नव्हती. आईनं तिथल्या पोलिसाला विचारलं, "भाऊ, इथी एक पोरगी डब्याची वाट पाहत होती, दिसली का?"

त्यानं आधी आईला डबा खाली ठेवून उघडायला लावला.