झाकणाच्या मापाचा दोरा

दुपारी शेंगदाण्याच्या कुटाचा डबा उघडत होते, तेवढ्यात लातूरहून भाच्याचा फोन आला. "मामी, आई गेली." डब्यावरची बशी माझ्या हातात होती. ती मी परत डब्यावर ठेवली, अगदी नीट, जणू तेवढंच काम उरलं होतं... त्याला आता दोन महिने होत आले. दिवाळी आठ दिवसांवर आहे, नांदेडच्या बाजारात भेटींचे रंगीत खोके रचलेत, आणि अक्कांची आठवण काही केल्या हटत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लातुरात गंजगोलाईच्या मागे त्या ब्लाउज शिवायच्या. 'भेट' हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. त्या 'नड' म्हणायच्या. कुणाकडे गेल्या की बोलता बोलता नजर घरभर फिरायची. कुणाच्या कुकरच्या मुठीला स्क्रू नाही, कुणा म्हातारबुवांच्या चष्म्याला दोरी हवी, कुणाच्या डब्याचं झाकण हरवलंय. दिवाळीला नेमकं तेच, वर्तमानपत्रात बांधून हजर. झाकणांवर तर त्यांचा विशेष जीव. शेजारचे बशीरभाई पत्रेवाले तेलाच्या जुन्या डब्याच्या पत्र्यातून मापाचं झाकण करून द्यायचे. माप मात्र अक्काच आणायच्या, गुपचूप, दोऱ्यानं. टेप का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "टेप काढली की घरची बाई लाजती. दोरा तर माझ्या हातात असतोयच की." आणि वर, "महाग देणं सोपं हाय गं. नड हुडकायला दुसऱ्याच्या घरात लई निवांत बसावं लागतंय."

मला हे सगळं कळत होतं असं नाही. खोटं कशाला सांगू, मला लाज वाटायची. एका पाडव्याला यांच्या रेल्वे ऑफिसातली मंडळी फराळाला आली होती. मी नवी पैठणी नेसून मिरवत होते आणि अक्कांनी सगळ्यांसमोर वर्तमानपत्र सोडून चहाच्या डब्याचं झाकण माझ्या हातात ठेवलं. वर तेलाच्या कंपनीचं अर्धं नाव तसंच. मी हसत हसत, पण ऐकू जाईल असं बोलले, "अक्का, दिवाळीला कुणी झाकण देतं का?"

"खरंय की," त्या म्हणाल्या, "ध्यानातच न्हाई आलं बघ."

पुढच्या दिवाळीपासून काजूकतलीचा खोका यायला लागला. वर रिबीन. छान असायचा, कुणालाही देता यावा असा. आणि मी तो देऊनही टाकायची. दर वर्षी वाटायचं, आता म्हणावं, अक्का, मला आपलं ते झाकणच आणा. फूल ना फुलाची पाकळी म्हणून माणसं काहीबाही देतात, तुम्ही माझं घर बघून देत होता. पण जीभ रेटली नाही, आणि मग ऐकणारंच राहिलं नाही.

दिवस झाल्यावर आम्ही त्यांचं मशीन आवरायला बसलो. खणात ब्लाउजच्या कापडाचे तुकडे निघाले आणि प्रत्येकाला टाचणीनं दोरे लावलेले. नावं नव्हती. ज्या घरचं माप, त्या घरच्या बाईच्या ब्लाउजचा तुकडा. माझा मोरपंखी तुकडा मी लगेच ओळखला. त्याला सात दोरे होते. मी बोलले त्याला यंदा सात वर्षं होतात. दर वर्षी माझ्याकडे येऊन त्यांनी माप घेतलं होतं, आणि मी नको म्हटलं म्हणून दिलं तेवढं नव्हतं. मी तिथंच मशीनवर डोकं टेकून रडले.

दोरे घरी आणून स्वयंपाकघरात एकेक लावून पाहिले. सहांचे डबे केव्हाच मोडीत गेलेले. सातवा कुटाच्या डब्याला बरोबर बसला. श्रावणात आल्या होत्या, तेव्हा वांग्याच्या भाजीला कूट त्यांनीच काढला होता.

परवा तो दोरा घेऊन लातूरला गेले. बशीरभाईंनी तो दोन बोटांत ताणला.

"अक्काचा हाय," ते म्हणाले. मग पत्रा कापून, कड वळवून झाकण केलं. "कुणाकडं द्यायचंय, भाभी? पेपरात बांधू?"

"बांधा," मी म्हणाले, "पण द्यायचं नाही कुणाला. मला आलंय."

पुडकं फडताळात ठेवलं आहे. पाडव्याला सोडीन. तोवर डब्यावर बशीच.