सोबत किती माणसं?

अमेरिकेतल्या एका काउंटीचा इतिहास मला पाठ आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं काहीतरी, फक्त तालुक्यात माणसं असतात. या काउंटीत गहू होता, वारा होता आणि एक लहानसं हॉस्पिटल होतं, ज्याला नर्स मिळत नव्हती. मी नर्स आहे. सौदीतल्या दम्माममधल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत इतकी वर्षं काढली आहेत की मॉनिटरचा कुठला आवाज खरा आणि कुठला उगाच, हे पाठ फिरवूनही सांगते.

दम्माम सोडायची वेळ जवळ आली होती. आमच्या जागा हळूहळू इथल्या मुलींना मिळत होत्या आणि त्यात तक्रारीला जागा नाही. देश त्यांचा, पेशंट त्यांचे, मुलीही चांगल्या शिकलेल्या. त्यातल्या काहींना तर मीच तयार केलं. आपली जागा घेणाऱ्याला आपणच शिकवायचं, हा मान फार कमी लोकांना मिळतो.

मला पुढच्या नोकरीकडून एकच गोष्ट हवी होती. नवरा आणि दोन मुलं चिपळूणला, मी इथे, असा आमचा संसार व्हिडिओ कॉलवर चालला होता. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. मुलाला मी वर्षातून एकदा बघते, त्यामुळे त्याची उंची मला दर वेळी धक्का देते. चौघांनी एका छपराखाली राहायचं, बस. छप्पर कुठलं, याबद्दल मी फार चिकित्सक नव्हते.

म्हणून जेव्हा एजन्सीने त्या काउंटीचं नाव दिलं, तेव्हा मी मुलाखतीची तयारी केली. त्यांच्या वेबसाइटवर ‘आमचा इतिहास आणि लोकसंख्या’ असं एक पान होतं. भलतंच लांब. ज्या गावात वाण्याचं दुकान एकच असतं, तिथल्या लोकांना लिहायला वेळ भरपूर मिळत असावा.

पान सुरू व्हायचं मूळ रहिवाशांपासून. त्यांना एक वाक्य दिलं होतं. पूर्वी इथे ते राहत, नंतर ते राहत नव्हते. मधल्या काळात काय झालं, ते लिहिणाऱ्याला आठवलं नसावं. मग आली रेल्वे, आणि रेल्वेला मात्र तीन परिच्छेद. रेल्वेमागून शेतकरी आले, गव्हाचं पीक आलं, चर्च आली, एक बँक आली आणि बँक लुटणारेही आले, ज्यांचा लेखकाला थोडा अभिमान वाटत असल्यासारखा सूर होता. मग पाऊस पडेनासा झाला, धुळीची वादळं झाली आणि माणसं सामान बांधून गेली. हे वाचताना बाहेर दम्माममध्ये वाळू उडत होती आणि खिडकीच्या फटीत मी ओला टॉवेल कोंबला होता, त्यामुळे वर्णन बरं जमलंय हे कळलं. मग यंत्रं आली. दहा माणसांचं काम एक यंत्र करू लागलं, उरलेली नऊ शहरात गेली. शेवटी लोकसंख्येबद्दल मजकूर होता. पूर्वी होती त्याच्या निम्मीही उरली नाही, जी माणसं आहेत ती म्हातारी आहेत, आणि शाळेत मुलं इतकी कमी की आणखी थोडी घटली तर शाळा बंद होऊन मुलांना बसने शेजारच्या काउंटीत जावं लागेल.

हे सगळं मी वाचलं. पेशंटची जुनी फाइल वाचावी तसं वाचलं, म्हणजे लक्षात ठेवलं आणि त्यातून काहीही काढलं नाही.

त्यांची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये माझी रूममेट कोट्टायमची आहे, वयाने लहान, मला दीदी म्हणते. ती मागे ओट्यावर कांदा चिरत होती. मी युनिफॉर्मवर दुपट्टा घेऊन लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर दोघं. एक तिथली मुख्य नर्स, माझ्या बऱ्याच पेशंटांपेक्षा वयस्कर. दुसरे शाळेचे मुख्याध्यापक. नर्सच्या मुलाखतीत शाळामास्तर कशाला, असा प्रश्न मला पडला, पण मी समजूत करून घेतली की एवढ्या छोट्या जागी खुर्च्या भरायला जो मिळेल तो बसवत असतील.

मुख्य नर्सने व्हेंटिलेटरबद्दल विचारलं, औषधांच्या डोसबद्दल विचारलं, रात्री एकटीने वॉर्ड सांभाळशील का विचारलं. मी उत्तरं दिली. मग मी त्यांच्या रेल्वेचा, धुळीच्या वादळांचा आणि बँकेच्या दरोड्याचा उल्लेख केला. मुख्याध्यापक खुर्चीत पुढे सरकले.

“ते पान तुम्ही पूर्ण वाचलंत?”

“पूर्ण.”

“ते मी लिहिलंय,” ते म्हणाले. “तुम्ही पहिल्याच.”

नोकरी मिळालीच, असं मी मनात धरलं. तेवढ्यात त्यांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, “सोबत किती माणसं येतील?”

इथे जरा मागे जायला हवं. पहिल्यांदा गल्फसाठी मुलाखत दिली ती मुंबईत एका हॉटेलात. दाराबाहेर एजंटने आम्हा सगळ्या मुलींना रांगेत उभं करून बजावलं होतं, “फॅमिलीचं नाव काढायचं नाही. नवरा नाही, मुलं नाहीत, असलीच तर ती खूश आहेत गावाला.” तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारावर ‘सिंगल स्टेटस’ लिहिलेलं आहे. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, माझा एकटीचा, बिछाना एकटीचा, विमानाचं तिकीट एकटीचं. फॅमिली आणायची तर माणशी फी भरा, घर शोधा, कागद जमवा. इतकी वर्षं मी हेच शिकले की आपल्यामागे जितकी कमी माणसं दिसतील तितकी आपण जास्त कामाची.

“कोणी नाही,” मी तत्परतेने म्हटलं. “फक्त मी.”

“नवरा?”

“तो गावाला खूश आहे.”

“मुलं?”

“दोन आहेत, पण ती अजिबात येणार नाहीत. त्याची तुम्ही काळजीच करू नका.”

मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. मुख्य नर्स म्हणाली, “असं का.” मग दोघांनी माझे आभार मानले, फार चांगली मुलाखत झाली असं सांगितलं आणि कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय, हे समजायला इंग्रजी लागत नाही.

मागे सुरी थांबली होती.

“दीदी,” रूममेट म्हणाली, “तुमने ऐसा क्यों बोला?”

“काय वाईट बोलले? सगळेच असं बोलतात.”

“यहाँ बोलते हैं,” ती म्हणाली. “उधर स्कूल वाला क्यों बैठा था? तुमको देखने को? उसको बच्चे चाहिए, दीदी. वो तो दो बच्चों का पूछ रहा था और तुमने मना कर दिया.”

मी ते पान पुन्हा उघडलं. शेवटचा परिच्छेद तिथेच होता, साध्या भाषेत, मोठ्या अक्षरात. जगातली बहुधा एकमेव जागा जिथे माझी मुलं जमेच्या बाजूला धरली जाणार होती, आणि त्या जागेला मी मुलांपासून वाचवून आले होते.

“तू कांदा चिर,” मी तिला म्हटलं आणि ईमेल लिहायला बसले.

प्रश्न नीट ऐकू आला नव्हता, असं लिहिलं. ते खोटं होतं, पण त्या लोकांना एजंट आणि हॉटेल समजावत बसण्यापेक्षा सुटसुटीत होतं. नवरा येईल. मुलगी आठवीत आहे, मुलगा पाचवीत, दोघंही येतील, दोघंही शाळेत जातात आणि सहसा वेळेवर जातात. पाठवून ड्यूटीवर गेले.

सकाळी उत्तर आलेलं होतं. मुख्य नर्सचं नाही, मुख्याध्यापकांचं. मुलांबद्दल आनंद व्यक्त केला होता, मुलगा कुठले खेळ खेळतो हे विचारलं होतं, कारण त्यांच्या संघाला खेळाडू कमी पडत होते. मुलगा कॅरम खेळतो. शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं की पती काय करतात.

पती लाल बसवर ड्रायव्हर आहेत, मी कळवलं. चिपळूण-कराड.

यावर उत्तर यायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. त्या शाळेची बस, असं कळलं, गेलं वर्षभर मुख्याध्यापक स्वतः चालवत होते.

दुसऱ्या मुलाखतीला मला मुख्यतः दुभाषी म्हणून बोलावलं होतं. मुख्य नर्सने सुरुवातीलाच सांगून टाकलं की तुझं आमच्याकडून पक्कं आहे, व्हिसाची रांग लांब आहे पण आम्ही थांबू, आता जरा तुझ्या नवऱ्याशी बोलू दे. आयसीयूचा विषय कोणी काढला नाही. मी इतकी वर्षं माणसं जगवली, आणि माझं कर्तृत्व शेवटी असं ठरलं की मी एका ड्रायव्हरशी लग्न केलं होतं.

चिपळूणहून नवरा इस्त्रीच्या शर्टात पडद्यावर आला होता. शेजारून मुलीचा हात येऊन त्याची कॉलर नीट करून जात होता.

“अहो, ते विचारतायत बर्फात गाडी चालवलीय का.”

“बर्फात नाही,” नवरा म्हणाला. “सांग त्यांना, कुंभार्ली घाटात पावसाळ्यात चालवलीय. दरड, चिखल, धुकं आणि वळणावर म्हशी. वर गाडीत पॅसेंजर उभे.”

मी सांगितलं. म्हशींना मुख्याध्यापक मनापासून हसले. त्यांनी विचारलं, यांना काही विचारायचं आहे का.

“घाट किती आहे त्यांच्याकडे?” नवरा म्हणाला.

मी विचारलं. मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले की घाट अजिबात नाही, सगळा मुलूख सपाट, रस्ता सरळ, समोरची गाडी अर्धा तास आधी दिसते, आणि गाडी तरी कुठे असते.

मी हे मराठीत सांगितलं. नवऱ्याने कॉलर सैल केली.

“मग यांना ड्रायव्हर कशाला हवाय?” तो म्हणाला.

मागे मुलगी खुदकन हसली. मुख्याध्यापक अपेक्षेने माझ्याकडे पाहत होते.

“काय म्हणाले ते?”

“विचारतायत,” मी म्हटलं, “कधी येऊ.”