सोळा जीबीचा हट्ट

घरच्या कॉम्प्युटरला मेमरी किती लागते, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे ठाम आहे. ते बरोबर नाही, एवढंच.

झालं असं, की माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं. हळद मोशीच्या एका लॉन्सवर होती आणि तिथे मोठ्या पडद्यावर पल्लवीच्या बाळपणापासूनच्या फोटोंचा व्हिडिओ दाखवायचा होता. हे काम माझ्या बायकोनं, वैशालीनं, हौसेनं अंगावर घेतलं. आमच्या दिघीच्या फ्लॅटमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर व्हिडिओ लावला की पल्लवी जन्मायची, रांगायची, बालवाडीत जायची आणि पहिलीच्या स्नेहसंमेलनात फ्लॉवरच्या गड्ड्याचा वेश करून उभी राहिली की तिथेच गोठायची. पुन्हा चालू करा, पुन्हा फ्लॉवर. आठवडा झाला तरी पोरगी काही दुसरीत जाईना.

"मेमरी कमी पडतेय," मी निदान केलं. मी चाकणच्या कंपनीत गाड्यांचे पार्ट तपासतो. केसाएवढा फरक असला तरी आख्खा लॉट परत पाठवतो. घरचं एक मशीन माझं ऐकणार नाही, हे मनाला पटतच नव्हतं.

मेमरी म्हणजे नेमकं काय, हे वैशालीला समजावायला मी स्वयंपाकघराचा दाखला घेतला. डिस्क म्हणजे फडताळ, सामान ठेवायचं. मेमरी म्हणजे ओटा. काम करताना जेवढं पुढ्यात मांडता येईल तेवढी ती. ओटा लहान, म्हणून काम अडतंय.

"ओटा लहान आहे, हे मी हा फ्लॅट घेतल्यापासून सांगतेय," ती म्हणाली.

मी दाखला तिथेच आवरता घेतला.

आता किती मेमरी घ्यायची, ते ठरवायचं होतं. कंपनीच्या बसमध्ये विषय काढला, तर भोसरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक सीटवर वेगळा आकडा निघाला. कुणी आठ जीबीत भागतं म्हणालं, कुणी बत्तीसच्या खाली बोलायलाच तयार नव्हतं. एकानं तर मला कॉम्प्युटर विकून व्यायामाची सायकल घ्यायला सांगितलं. शेवटी निर्णय दिला तो दादानं, म्हणजे पल्लवीच्या वडिलांनी. दादा गावाकडे शेती बघतो, कॉम्प्युटरला त्यानं आजवर हात लावलेला नाही. मी फोनवर सगळा घोळ सांगितला.

"हे बघ, कांद्याची चाळ बांधताना आमी कवा कमी धरत न्हाई," तो म्हणाला. "लोकं आठ म्हणत्यात न्हवं? तू सोळा घे."

इतका स्पष्ट सल्ला मला बसमध्ये कुणी दिला नव्हता. सोळा ठरलं.

वैशालीचं म्हणणं होतं, की कॉम्प्युटर उचलून दुकानात न्यावा, तो माणूस बघेल. मी म्हटलं, अजिबात नाही. चार स्क्रूंचं काम आहे. मग मी मेमरी आणली, कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि लक्षात आलं, की आणलेली पट्टी खाचेपेक्षा चांगलीच आखूड आहे. ती लॅपटॉपची होती. (दिवसभर इतरांचे माप चुकलेले पार्ट परत पाठवणारा माणूस दुकानात पट्टी परत करायला गेला, तेव्हा दुकानदारानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.)

दुसरी पट्टी मापात होती, पण बसेना. मी जोर लावला. कट्कन आवाज आला, तो बसल्याचा की तुटल्याचा हे कळायला मार्ग नव्हता. बटण दाबलं, तर पडदा काळा आणि डब्यातून मोठ्यानं पीं, पीं, पीं सुरू झालं. खालच्या मजल्यावरचे शिंदेकाका जिना चढून आले. सोसायटीत कुणाचा टेम्पो मागे घेताना अडकलाय का, असं त्यांना विचारायचं होतं. टेम्पो नाही हे समजल्यावरही ते गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले, चहा झाला, आणि पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवायला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या नातवाचा कॉम्प्युटर म्हणे तसाच सुरू झाला होता. मी घासली, पुन्हा बसवली. पीं थांबलं आणि पडदा उजळला. मी शिंदेकाकांशी हात मिळवला आणि वैशालीला हाक मारून व्हिडिओ लावायला सांगितलं.

पल्लवी जन्मली, रांगली, बालवाडीत गेली आणि फ्लॉवर होऊन थांबली.

मी म्हटलं, नवीन मेमरीला रुळायला वेळ लागतो. शिंदेकाका चप्पल घालून निघाले. वैशालीनं सेटिंगचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: बसवलेली मेमरी सोळा जीबी, त्यातली वापरण्याजोगी तीनच्या थोडी वर. मग तिनं फोनवर शोधून मला वाचून दाखवलं. आमच्या कॉम्प्युटरमधली विंडोज जुन्या जातीची होती, बत्तीस बिटवाली. तुम्ही सोळा घाला नाहीतर साठ, तिला चार जीबीच्या पुढचं वापरताच येत नाही.

"म्हणजे आत भरपूर आहे, पण उपयोगाला येत नाही," वैशाली म्हणाली. हे बोलताना तिनं कॉम्प्युटरकडे बघायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे.

विंडोज बदलायला मी त्याच दिवशी बसणार होतो. तिनं माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि पलंगावर आडवं पडून आख्खा व्हिडिओ मोबाइलवर बनवला.

हळदीच्या दिवशी पडद्यावर पल्लवी दुसरीत गेली, दहावी झाली, कॉलेजच्या गेटवर उभी राहिली. मंडपातल्या बायका डोळे पुसायला लागल्या. दादा मला दंडाला धरून नवऱ्या मुलाच्या वडिलांकडे घेऊन गेला.

"ही समदी आमच्या धाकट्याची करामत हाय," तो म्हणाला. "सोळाची मेमरी सोताच्या हातानं बसिवली त्यानं."

व्याही एकदम आदरानं बोलायला लागले. त्यांनाही घरी कॉम्प्युटर घ्यायचा होता, मेमरी किती घ्यावी ते कळत नव्हतं. वैशाली हळदीची वाटी घेऊन शेजारीच उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. खरं काय ते सांगायची याहून चांगली वेळ आली नसती.

"सोळाचा माझा अनुभव काही चांगला नाही," मी म्हणालो. "तुम्ही सरळ बत्तीस घ्या. बसवून द्यायला मी येतो."