टाकीतला सातवा मासा

मासे खाणाऱ्या गावात मासे पाळायचे म्हणजे आधीच हसं. मालवणात आमच्या पडवीत काचेची टाकी आली तेव्हा शेजारच्या काकी आत डोकावून म्हणाल्या, "ह्यांका मोठे करून कढीत घालतलास काय गो?" मी हसले. ते माझं टाकीबद्दलचं शेवटचं हसणं. पुढे नुसती चिडचिड.

टाकी बाबांसाठी होती. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. बाबा शाळेतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ज्या माणसाने जन्मभर वर्गात बोलून पोट भरलं, बाजारातून येताना चार ठिकाणी गप्पा मारल्याशिवाय ज्याची पिशवी घरी येत नसे, तो आता पडवीतल्या खाटेवर भिंतीकडे बघत पडून राही. मन रमेल असं काहीतरी डोळ्यांसमोर ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून कोल्हापूरहून माझा भाऊ एसटीत मांडीवर ही टाकी घेऊन आला. सोबत हवेचा पंप आणि पिशवीत सहा मासे. दुकानदाराने त्याला बजावलं होतं, एवढ्या टाकीत सहाच. जास्त झाले की घाण वाढते आणि पाण्यातली हवा पुरत नाही.

त्या सहांत एक काळा होता. बाबांची नजर त्याच्यामागे फिरायची. तो दगडाआड गेला की मान उचलून शोधायचे. ती मान उचललेली बघून आई देवाला नमस्कार करायची.

इथवर सगळं ठीक होतं. मग माणसं यायला लागली.

आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एरवी लोक शहाळी आणतात, बिस्किटं आणतात. पण बाबांना साखर, रक्तदाब, सगळंच. गोड बंद, खारट बंद, तळलेलं बंद. एवढ्या विद्यार्थ्यांचा गुरुजी, आणि त्याला द्यायला काहीच नाही! येणारी मंडळी कानकोंडी होऊन बसायची. तेवढ्यात त्यांना ती टाकी दिसली.

मसुऱ्याचे मामा व्हाळातले, म्हणजे ओढ्यातले, दोन मासे दुधाच्या बरणीत घेऊन आले. तारकर्लीहून एकजण आला तो शेतातल्या पाण्यातले इवलेसे चार घेऊन. देवबागचा बाबांचा जुना विद्यार्थी, होडी असलेला, त्याने तर कमाल केली. कळशीतून जिवंत काळुंदर आणलं. काळुंदर! जे आम्ही तिरफळं घालून खातो, ते!

"ह्यां खाडयेतलां," मी म्हटलं. "हय जगाचां नाय."

"गोड्या पाण्यातय जगता गो. मजबूत आसा. गुरुजींका बघूक बरां."

"पण जागा खंय आसा?"

"एकान काय होता?"

हे 'एकान काय होता' मी इतक्यांदा ऐकलं की माझं डोकं उठायचं. बरं, कुणी गेल्यावर त्याचा मासा गुपचूप काढावा, तर तीही सोय नाही. पुढच्या खेपेला चप्पल काढायच्या आधी प्रश्न, "माझो मासो खंय?" प्रत्येकाला आपला मासा ओळखू यायचा. आणि बाबा डाव्या हाताने तो दाखवायचे.

मी रोज बावीचं पाणी रहाटाने ओढून अर्धी टाकी बदलत होते, तरी पाणी पेजेसारखं. त्यात वीज जायची. पंप बंद पडला की सगळे मासे वर येऊन तोंडं उघडायचे, आणि मी पेल्याने पाणी उचलून उंचावरून ओतत बसायचे. शाळेत शिकवून यायचं, बाबांचं करायचं, आणि वर ही हमाली. एका दुपारी मी शाळेतून आले तर वीज गेलेली, आई मागीलदारी, आणि काळा मासा उलटा तरंगत होता. बाबा त्याच्याकडे बघत होते. त्यांना हाक मारता येत नव्हती. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं होतं.

मी खांद्यावरची पिशवी तिथेच आपटली. त्याच दिवशी पाहुण्यांचे सगळे मासे बादलीत काढले आणि बावीत सोडले. आमच्याकडे बावीत मासे असतातच, डासांची पिल्लं खातात. भावाकडून काळा मासा मागवला. पुन्हा सहा. आणि दारात सगळ्यांना साफ सांगितलं, यापुढे मासा आणायचा नाही. आई म्हणाली, माणसं दुखावतील. मी म्हटलं, दुखावू देत.

पाणी आरशासारखं झालं. मासे मजेत फिरू लागले. सगळं दुकानदाराने सांगितलं होतं तसं.

आणि माणसं यायची थांबली.

आधी मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, बाबा टाकीकडे बघतच नाहीत. मान दाराकडे. फाटक वाजलं की उचलायची, पोस्टमन दिसला की पुन्हा उशीवर. मी खाट टाकीकडे वळवली, तर मान वाकडी करून दाराकडेच. एवढा खटाटोप केला तो कुणासाठी, असं मी त्यांच्यावर ओरडलेसुद्धा. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाजारात तो देवबागचा विद्यार्थी भेटला. मी त्यालाच धरलं. "येनस नाय तां? गुरुजी वाट बघतत."

तो चप्पल वाळूत घासत राहिला. "येतलंय गो. पण हाडू काय? तूच सांग. रिकामो कसो येव?"

आणायचं काय, हाच अजून प्रश्न! या माणसांपुढे कपाळ बडवून घ्यावं असं वाटलं. "हाड," मी म्हटलं, "तुझां काळुंदर हाड!"

दुसऱ्या दिवशी तो कळशीत नवं काळुंदर घेऊन आला. बाबांच्या तोंडून घोगरा आवाज निघाला. अर्ध्या तोंडाने का होईना, ते हसत होते. काळुंदर टाकीत पडलं, सहा मासे कोपऱ्यात पळाले, आणि थोड्या वेळाने ठरल्यासारखी वीज गेली.

मी तणतणत पेला आणायला उठले. त्याने तो माझ्या हातातून घेतला, टाकीपाशी मांडी घातली आणि पाणी उंचावरून ओतत खाडीतल्या गोष्टी सांगू लागला. कुणाची होडी फुटली, कुणाचं जाळं कुणी चोरलं. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते.

वीज आली, पंप बुडबुडू लागला. तरी तो पेल्याने पाणी ओततच होता. मी उठले. आत जाऊन पुन्हा चहा टाकला.