ओल्या पोत्यातली डबी

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी छपरावरच्या हिरवळीचा अभ्यास करणार आहे, असं मी आईला फोनवर सांगितलं. करमाळ्याजवळच्या आमच्या गावात माझ्या लहानपणी घरं माळवदाची होती, म्हणजे लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छपराची. पावसाळ्यात त्या मातीत गवत उगवायचं, आणि ज्या घरावर ते दिसेल त्या घरातल्या बाईला गाव आळशी ठरवून मोकळं व्हायचं. "आमी जलमभर माळवदावरचं गवात उपटलं," आई म्हणाली, "आन् तू आता पेराया निघालीस व्हय? शिकून शिकून ह्येच का?"

मी सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवते, बावीस वर्षं झाली. कडक म्हणून माझी ख्याती आहे. आकृतीतल्या भागांना नावं दिली नाहीत की मी अर्धा गुण कापते, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयानं शाळेतल्या शिक्षकांसाठी सुट्टीत पाच आठवड्यांचं संशोधन ठेवलंय असं कळलं, तेव्हा आमच्या शाळेतून पहिला अर्ज माझा गेला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे शोध फळ्यावर लिहिले, एखादा आपलाही असावा असं वाटत होतं. माझे मार्गदर्शक सर माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी लहान निघाले. ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायचे आणि दोघंही जरा अवघडून बसायचो.

प्रयोग साधा होता: छपरावर हिरवळ असली तर खालची खोली किती गार राहते ते मोजायचं. पूर्व भागात, जिथं दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालतो, तिथल्या एका चाळीतल्या शेवटच्या दोन खोल्या आम्ही निवडल्या होत्या. दोन्ही एकाच मापाच्या, दोन्हींवर सिमेंटचा स्लॅब, दारं एकाच दिशेला. पहिल्या खोलीच्या स्लॅबवर सरांच्या विद्यार्थ्यांनी हिवाळ्यातच जाड प्लॅस्टिक, त्यावर विटांचे तुकडे आणि त्यावर नारळाचा भुसा मिसळलेली चार बोटं माती पसरून चिनी गुलाब, कोरफड आणि घोळ लावली होती. त्या खोलीत राहणारे, सगळ्या चाळीचे मामा, यंत्रमागावरून निवृत्त झालेले. भांडी विसळलेलं पाणी ते रोज संध्याकाळी वर नेऊन घालायचे, आणि मामी आठवड्यातून एकदा घोळीची भाजी करायच्या. दुसऱ्या खोलीचा स्लॅब तुलनेसाठी मुद्दाम उघडा ठेवला होता. दोन्हीकडे भिंतीवर साबणाच्या वडीएवढी एकेक पांढरी डबी टांगली. ती दर दहा मिनिटांनी खोलीतलं तापमान आपलं आपण नोंदवून ठेवणार आणि मी दर सोमवारी सकाळी ते आकडे लॅपटॉपवर उतरवून घेणार. सकाळीच, कारण सोलापूरच्या मे महिन्यात अकरानंतर घराबाहेर पडायची माझी तयारी नव्हती.

उघड्या स्लॅबच्या खोलीत आक्का राहायच्या. साठीच्या आसपासच्या, तेलुगू घरातल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दिवसभर घरी बसून विड्या वळायच्या. सगळी चाळ त्यांना आक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले, आणि त्या मला टीचरम्मा म्हणायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी भिवंडीला दिलेली. दोन वर्षांमागं मुलगी मे महिन्यात राहायला आली, तेव्हा नातीच्या अंगावर घामोळं उठून उठून त्याच्या गाठी झाल्या, पोर रात्रंदिवस रडली. तेव्हापासून मुलगी सणाला दोन दिवस येते, उन्हाळ्यात येतच नाही. नातीच्या शाळेला मोठी सुट्टी उन्हाळ्यातच असते. "मला आता वळखत पन न्हाय ती," आक्का म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "माज्यावर कदी टाकणार झाडं?"

ते माझ्या हातात नव्हतं. चाळीच्या मालकांना माती आणि पाण्यानं स्लॅब गळेल अशी धास्ती होती. त्यांनी सरांना सरळ सांगितलं होतं, "फरक आकड्यात दाखवा. दिसला तर दुसऱ्या खोलीवर बी टाका. न्हाय दिसला, तर हाय ती माती पन उचलून न्या." मी हे आक्कांना समजावलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची खोली गार होणार की नाही, ते सगळं आता या डबीवर आहे, असं सांगितलं. "फार नाजूक वस्तू आहे, आक्का. जिवापाड जपा." हेच शब्द होते माझे. आक्कांनी हात जोडले.

पहिल्या सोमवारी आकडे उतरवले आणि माझं तोंडच उतरलं. भर दुपारी आक्कांची उघड्या स्लॅबची खोली मामांच्या खोलीपेक्षा गार. तीही थोडीथोडकी नव्हे. बाराच्या सुमाराला आलेखातली रेघ धाडकन खाली यायची आणि पाचला पुन्हा वर चढायची. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यात तेच. मी डब्यांचे सेल बदलून पाहिले. सरांना काही न सांगता घरी शुक्रवार पेठेत बसून दोन पानांचा सिद्धांतच लिहून काढला, की आपल्याकडच्या मातीनं दिवसभर उष्णता धरून ठेवली असावी आणि ती खालच्या खोलीत उतरत असावी. सोबत आकृती काढली, सगळ्या भागांना नावं दिली. खरं सांगायचं तर मी त्या पानांवर खूष होते. हिरवळीनं खोली गार होत नाही हाही शोधच झाला, असं मी स्वतःला पटवलं होतं, आणि तेव्हा मला आक्कांची आठवणसुद्धा झाली नाही.

सरांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. मग विचारलं, "मॅडम, दुपारी तिथं बसून पाहिलंत का?"

मला राग आला. इतकं लिहून दिल्यावर हा काय प्रश्न? पण उत्तर नाही असंच होतं. दुसऱ्या दिवशी डोक्याला ओढणी गुंडाळून, पाण्याची बाटली घेऊन मी दीड वाजता चाळीत पोचले.

आक्कांच्या दारात पाऊल टाकलं आणि श्वास अडकला. वरून कुणी तवा उपडा धरलाय असं वाटत होतं. पंखा फिरत होता आणि तीच कढत हवा पुन्हा पुन्हा अंगावर टाकत होता. ही खोली मामांच्या खोलीपेक्षा गार? आक्का उंबऱ्याशी सावलीची पट्टी धरून बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटं भराभर चाललेली. मी भिंतीकडं पाहिलं. नुसता खिळा.

"आक्का, डबी कुठाय?"

आक्कांनी हसून शेजारचं भिजवलेलं गोणपाट उचललं. विड्यांची पानं ऊन लागलं की कडकडून फाटतात, म्हणून विड्या वळणाऱ्या बायका ती ओल्या गोणपाटात झाकून ठेवतात. त्या पानांच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणि वरून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, माझी डबी झोपवलेली होती.

"लई तापते ओ टीचरम्मा ही," त्या म्हणाल्या. "पैल्या दिवशीच हात लावून बगितले. तुमीच बोलला न्हाय का, नाजूक हाय, जपा. मग पानाला ठेवते तसं ठेवते बाराला. पाचला परत खिळ्याला. एक दिवस पन चुकले न्हाय."

मी ओरडले. वर्गात ओरडते तशी ओरडले. तीन आठवडे वाया घालवलेत, कुणी सांगितलं होतं हात लावायला, असं काय काय बोलून गेले. शेजारच्या मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. आक्का सूप खाली ठेवून ऐकत राहिल्या. माझं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मग माजं छप्पर?"

त्या प्रश्नानं मी खाली बसले. ही बाई तीन आठवडे या भट्टीत घामानं निथळत बसली होती, खोलीत गारव्याची जागा एकच होती, ती तिनं माझ्या डबीला दिली होती, आणि तसं करून स्वतःचंच छप्पर घालवत होती. मी तिला जपा म्हणाले. डबी काय करते, तिला कशाला टांगली, हे सांगायची मला गरज वाटली नव्हती. बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे सुचू नये! फार लाज वाटली. मी माफी मागितली तर आक्काच कानकोंड्या झाल्या. त्यांनी मला माठातलं पाणी दिलं.

मग मी शिकवायला बसले. ही डबी तुमच्या वतीनं बोलणार आहे, म्हणाले. तुम्हाला जेवढं गरम होतं तेवढं तिलाही झालं पाहिजे, तरच ती मालकांना खरं सांगेल. आक्कांनी डबी फडक्यातून सोडवली, पुसली आणि खिळ्याला टांगली. "तापू दे मग," त्या म्हणाल्या, पण त्यांना ते फारसं पटलेलं दिसत नव्हतं.

सरांनी तीन आठवड्यांचे आकडे बाद केले आणि का बाद केले ते अहवालात जसंच्या तसं लिहायला सांगितलं. माझा सिद्धांत मी स्वतःच फाडला. उरलेले दिवस रोज दुपारी आक्कांकडं जाऊन बसायचं ठरवलं. त्या विड्या वळायच्या, मी वही घेऊन बसायचे. मी पोचताच पहिला प्रश्न ठरलेला, "काल किती तापलं?" मामांच्या खोलीपेक्षा आकडा जास्त निघाला की कपाळावरचा घाम पुसत त्या खुलून हसायच्या. एके दिवशी तर मामींना हाक मारून सांगितलं, "तुमच्याहून चार अंश जास्ती हाय माजी खोली!" मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. आपलं घर आणखी तापावं म्हणून वाट बघणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं आणि फरक जवळपास पुसला गेला. दोन दिवस तसेच गेले. हाताशी फक्त पाच दिवसांचे खरे आकडे राहिले. मालकांनी कागद पाहिला आणि परत केला. "पाच दिवसाचं काय धरून चालायचं, मॅडम? बाकीचे कुटं गेले?"

मी खरं तेच सांगितलं, ओल्या पोत्यासकट. ते मोठ्यानं हसले. ते हसत असतानाच मी म्हणाले, "आकडे राहू द्या. आभाळ मोकळं झालं की दुपारी दोन वाजता या आणि दोन्ही खोल्यांत अर्धा अर्धा तास बसा." मालकांना नाही म्हणता येईना.

ते आले त्या दिवशी ऊन पांढरं झालं होतं. आधी मामांकडं बसले, चहा घेतला, गप्पा मारल्या. मग आम्ही आक्कांच्या दाराशी आलो. मोठा माणूस घरी यायचा म्हणून आक्कांनी फरशीवर पाणी मारलं होतं, दाराला भिजवलेलं गोणपाट टांगलं होतं. खोली चक्क गार लागत होती.

मी आक्कांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खिळ्यावरच्या डबीकडं. पाहुण्याला तापत ठेवायचं त्यांना किती जड गेलं असेल ते मला चेहऱ्यावर दिसलं. त्या उठल्या, दाराचं गोणपाट काढून बाहेर टाकलं, फडकं घेऊन सगळी फरशी कोरडी पुसून काढली. "बसा मालक," म्हणाल्या, "मी बसते तसं बसा."

पंधरा मिनिटांत मालकांचा शर्ट पाठीला चिकटला. वीस मिनिटांनी ते उठले आणि वर स्लॅबकडं बोट करून म्हणाले, "पावसाच्या आधी माती चढवून घ्या." मान पुसत ते चाळीबाहेर गेले.

आक्कांनी खिळ्यावरची डबी काढली, तळहातावर धरली, कढत लागली म्हणून दुसऱ्या हातात घेतली.

"झालं न्हवं हिचं काम?" त्यांनी विचारलं. "आता ठेवू का पोत्यात?"

ठेवा, मी म्हणाले.