चेटकिणीच्या वाट्याचा खेळ

खाजाभाईला डोळ्यांनी बघितलेलंच तोंड काढता यायचं. न बघितलेलं नाही. हा त्याचा गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा, सेहेचाळीस सालच्या हिवाळ्यात सगळा घोळ त्यातूनच झाला. त्या घोळात निम्मा वाटा माझा होता. ते मी आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको.

आम्ही भिंगारचे. खाजाभाई दिवसा छावणीत पाट्या रंगवायचा, गाड्यांवर आकडे घालायचा. मी आसाराम, लाकडाच्या वखारीत वजनं करायला. पण रविवारी दिवेलागण झाली की आम्ही दोघं कलावंत! काचेवरची चित्रं पडद्यावर पाडायचा एक जुना पितळी कंदील त्याच्याकडे होता. आत कार्बाइडचा दिवा, पुढे भिंग. छावणीतल्या फोटोवाल्याच्या टाकाऊ काचा तो आणायचा, कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्यांच्यावरची गोऱ्या सोजिरांची तोंडं घासून काढायचा आणि त्याच काचेवर बारीक कुंचल्यानं राजकन्या रंगवायचा. वेशीजवळच्या पटांगणात धोतर ताणून बांधायचं. तो एकेक काच सरकवणार आणि मी शेजारी उभा राहून सगळ्यांचे आवाज काढणार. राजाचा, राजकन्येचा, घोड्याचासुद्धा. नगरात टॉकीजमध्ये बोलपट लागत, पण भिंगारच्या पोरांना आमचाच बोलपट.

गोष्ट साधी होती. चेटकीण राजकन्येला बुरुजात कोंडते, राजपुत्र येतो, चेटकिणीला कोरड्या आडात ढकलून देतो, संपलं. आडाची काच आली की पोरं अशी ओरडायची की छावणीतली कुत्री भुंकायला लागायची.

आता राजकन्या आणायची कुठून? खाजाभाईनं बायकोचं, मुबारकबीचं, लग्नातलं तोंड आठवून काढली. राजपुत्र म्हणजे आमचा रंगनाथ न्हावी. लेकाचा त्या दिवसापासून मान ताठ करून चालायला लागला. राहिली चेटकीण. तिच्यासाठी त्यानं बाजारात बोरं विकणाऱ्या भीमाबाईचं तोंड घेतलं. देवीच्या वणांनी भरलेला चेहरा, एका डोळ्यात फूल पडलेलं. काचेवर ते तोंड अंगठ्याच्या नखाएवढं. त्याला वाटलं, कुणाला कळतंय? अरे बाबा, पण धोतरावर ते सुपाएवढं व्हायचं! आणि मी काय केलं? मी चेटकिणीला भीमाबाईचाच आवाज दिला. ती बोरं विकताना ओरडायची तसा घोगरा, शेवटी चिरकणारा. पहिल्याच दिवशी असा हशा पिकला की मला आभाळ ठेंगणं झालं. पुढच्या रविवारी मी आणखी चिरकलो.

तीन-चार रविवार गेले असतील. एका सकाळी मी खाजाभाईच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो, तर भीमाबाई समोर उभी. डोक्यावर बोरांची पाटी नव्हती.

"माजं तोंड कुनी चोरलं, ते बघाया आले," ती म्हणाली.

मी कपबशी खाली ठेवली.

"मला पोरं खडे मारत्यात, मारू द्या. लहानपनी देवी आल्या तवापासनं लोकांच्या नजरा झेलतेय मी. पर माजी नात हाय, गोजर. आठ वर्साची. तिला आई न्हाई, बाप न्हाई. शाळंत तिला चेटकिनीची नात म्हनत्यात. आठ दिस झालं, पोर शाळंला जाईना. पाटी-दप्तर चुलीमागं फेकून दिलंय. माज्या घरात पयल्यांदा कुनाला अक्षर यायला लागलं हुतं. त्ये तुमी दोघांनी बंद पाडलं."

एवढं बोलून ती गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी शिवीला शिवी देऊन मोकळा झालो असतो.

खाजाभाई "या अल्ला" म्हणून डोकं धरून बसला. आतून मुबारकबी कडाडली, "माझं तोंड लावलं तेव्हाच सांगितलं होतं, न विचारता लोकांची तोंडं उचलू नका. राजकन्या केली म्हणून मी गप्प बसले, ती माझीच चूक!"

मी म्हणालो, "त्यात काय एवढं? दुसरं तोंड काढ. विषय मिटला."

"काचेवरचं पुसेन रे. पण पोरांच्या डोक्यातलं? तिथं सोडा चालत नाही, आसाराम." तो बराच वेळ बोटाला लागलेला रंग खरवडत बसला. मग म्हणाला, "आपण चेटकिणीचा खेळ करू. तिचाच. ती चेटकीण कशी झाली, त्याचा."

माझं टाळकंच फिरलं. "शुद्धीवर आहेस का? पोरं चेटकिणीला आडात पडलेलं बघायला येतात. तिचाच खेळ केला तर पाडायचं कुणाला? टॉकीजमध्ये बघ जा, दुष्टाला कुणी त्याचा स्वतःचा बोलपट देतं का? उद्या म्हणशील, राक्षसाची पण कीव करा, त्याचं पोट दुखत होतं!"

"दुखत असेल तर सांगायला नको?"

"नको! वाईट ते वाईट. तसं नसेल तर पोरांनी शिकायचं काय?"

"भीमाबाईला खडे मारायला शिकलीच की," तो म्हणाला.

मी चिडून निघून आलो. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी भीमाबाईच्या घरी जायचं म्हणून तोच मला न्यायला आला आणि मीही गेलो. माझा राग तेवढाच टिकतो.

भीमाबाई दारात बोरं निवडत होती. गोजर आत पालथी पडलेली, आम्हाला बघून भिंतीकडे तोंड करून बसली. खाजाभाईनं हात जोडले. म्हणाला, "मावशी, या वेळी विचारून काढतो. तुम्ही सांगाल तशी काढतो. नको म्हणालात तर कंदील कायमचा ठेवून देतो."

भीमाबाई बोरं निवडतच राहिली. एक किडकं बोर बाजूला टाकलं, दुसरं टाकलं. मग म्हणाली, "काढ. पर एक सांगते. शेवटाला तिला देवी करू नगंस. मी काय गुनाची न्हाई. पोरं पाटीतली बोरं पळवत्यात तवा मी बी लई शिव्या देते. हाय तशी काढ."

मग तीन आठवडे खाजाभाई छावणीतून आला की तिच्या दारात जाऊन बसायचा. ती सांगायची, तो काढायचा. बारा काचा झाल्या. गावाबाहेर झोपडीत देवी आलेली एक पोर. तिला भाकरी लांबूनच टाकून पळणारी माणसं. बरी होऊन ती वेशीत आली तर मैत्रिणी किंचाळून पळाल्या. मग जंगल, मग जंतर-मंतर, मग बुरूज. खोटं कशाला सांगू, खाजाभाईनं घरी मला काचा दाखवल्या तेव्हा नवव्या काचेला मी नाक शिंकरायला बाहेर गेलो.

खेळाच्या रविवारी पटांगण भरलं होतं. नवा खेळ म्हणून रंगनाथ न्हावी पहिल्या रांगेत. त्याला वाटलं, यात पण आपण असणार. भीमाबाई सगळ्यात मागे, कडुनिंबाखाली बसलेली. तिच्या पदरात तोंड खुपसून गोजर. तिला घरी एकटी ठेवता येत नव्हती म्हणून आणलेली. ती पडद्याकडे बघतही नव्हती.

पहिल्या सहा काचा गुपचूप गेल्या. पोरांना कळेना, ओरडायचं कधी. सातव्या काचेत चेटकीण पहिल्यांदा बोलते. मी तोंड उघडलं आणि काय सांगू तुम्हाला! मला दुसरा आवाजच येईना. सवयीनं तोच आला, बाजारातला, चिरका. पोरं खो-खो हसली. एकानं खडा भिरकावला, तो धोतरावर चेटकिणीच्या गालाला लागून खाली पडला. खाजाभाईचा हात काचेवर तसाच थांबला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वाटलं, गेलं. तीन आठवड्यांचं काम माझ्या नरड्यानं घालवलं.

"गप बस, मेल्या!"

भीमाबाई उठली होती. पोरांच्या मधून वाट काढत ती पुढे आली आणि मला ढकलून पडद्याशेजारी उभी राहिली. पडद्यावर तिचं तोंड आणि खाली तीच. 

"माजं मीच सांगते," ती म्हणाली. "तर त्या पोरीला लई भूक लागली हुती..."

तिनं सांगितलं. मला जन्मात तसं सांगता आलं नसतं. खाजाभाई काच सरकवायचा, ती बोलायची, मध्येच एखाद्या पोराला "पुढं सरक की, दिसंना मागल्यांना" म्हणून दटावायची. बुरुजाची काच आली तेव्हा एक पोरगी धीर करून म्हणाली, "मग राजकन्येला का कोंडलं? तिनं काय केलं होतं?"

"काय बी न्हाई," भीमाबाई म्हणाली. "राग दुसऱ्याचा हुता, काढला तिच्यावर. वाईटच केलं. म्हनून तर मग दार उघडलं. राजपुत्र याच्या आदी."

रंगनाथचं तोंड उतरलं. पण पोरांना ते फार पटलं. चेटकिणीनं आपल्या हातानं कुलूप काढलं आणि राजकन्या पायऱ्या उतरायला लागली, तर पोरं उभी राहून ओरडली. बारावी काच गेली, नुसता पांढरा उजेड राहिला, तरी कुणी उठेना.

"आजी, पुढं काय?" कुणीतरी ओरडलं. मग दुसरा, मग दहा जण. "आजी, पुढं? आजी, ती परत आली का? ओ आजी!"

तेवढ्यात मागून कडुनिंबाखालून रडवेला, रागावलेला आवाज आला.

"तुमची आजी न्हाई ती! माजी आजी हाय!"

गोजर उभी होती. मुठी आवळलेल्या, नाक वाहतंय, सगळ्या भिंगारदेखत. सगळी पोरं मागे वळून तिच्याकडे बघायला लागली. शाळेत त्यांनी तिला ज्या नात्यावरून पिडलं होतं, ते आता ती कुणाला द्यायला तयार नव्हती. पहिल्या रांगेतली ती प्रश्न विचारणारी पोरगी थोडी सरकली आणि शेजारची जमीन हातानं झाडून म्हणाली, "मग इथं येऊन बस ना."

सोमवारी सकाळी मी वखारीकडे निघालो होतो. शाळेच्या वाटेवर गोजर दिसली, काखेत पाटी. भोवती चार-पाच पोरं चिकटलेली आणि सगळ्यांचा एकच धोशा, राजकन्या सुटल्यावर चेटकिणीचं काय झालं ते सांग.

"मला न्हाई ठावं," गोजर ऐटीत म्हणाली. "आजीला इचारून उद्या सांगते."

उद्या म्हणाली ती, म्हणजे उद्याही शाळेला जाणार! मी धावत खाजाभाईला सांगायला छावणीकडे गेलो, त्या दिवशी वखारीला खाडा झाला.