हिशेबात नसलेलं बोट

शेजारच्या देवधरकाकांनी जुन्या सायकलच्या चाकावर लोहचुंबक बसवलेत आणि भोवती तांब्याच्या तारेची वेटोळी. हे चाक एकदा आपोआप फिरत राहिलं की विजेची चिंताच मिटली, म्हणतात. ते बोटाने चाक ढकलतात, इवलासा दिवा लागतो, मंदावतो, विझतो. "बेअरिंग घासतंय, बाकी काही नाही," म्हणत ते पुन्हा ढकलतात. ते बोट त्यांच्या हिशेबात नसतंच. निवलेला चहा काकू पुन्हा गरम करून आणतात, तोही नसतो.

मला तिथे स्वस्थ बसवत नाही. माझं घर आपोआप चालतं असं मी समजतो, ते कुणाच्या बोटाने?

काल दिवा विझायला आला आणि न राहवून मीच चाक ढकललं. काका खुशीत म्हणाले, "बघ, आज जास्त टिकला."